प्राथमिक आरोग्यसेविकांचे प्रशिक्षण आणि सराव-साहित्य : भोपाळ, जामखेड व गडचिरोली येथील अनुभवांचा परामर्श

प्रस्तावना

गावात किंवा वस्तीत आजारी माणसापर्यंत सर्वप्रथम पोहोचणारी व्यक्ती बहुधा डॉक्टर नसते. ती दाई असते, आरोग्यसेविका असते, अंगणवाडी सेविका किंवा 'आशा' स्वयंसेविका असते. तिच्या हातात काय साधने आहेत आणि तिला ती कशी वापरायला शिकविली आहेत, यावर अनेकदा एका बाळाचे किंवा बाळंतिणीचे जगणे अवलंबून असते. असे असूनही या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचा विचार आपल्याकडे पुष्कळदा 'किती दिवसांचे शिबिर झाले' आणि 'किती जणींना प्रमाणपत्रे दिली' एवढ्यापुरताच केला जातो. त्या शिबिरातून त्यांच्या हातात कोणते कौशल्य आले, ते सहा महिन्यांनंतर टिकले का आणि ते वापरण्यासाठी लागणारी साधने त्यांच्याजवळ होती का, हे प्रश्न मागे पडतात.

अलीकडच्या काळात कम्युनिटी कॉलेज व कौशल्य अभ्यासक्रमांमधून रुग्णसेवा साहाय्यक, गृहशुश्रूषा साहाय्यक यांसारखे अभ्यासक्रम सुरू झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजची योजना राबविली. त्यामुळे आरोग्यसेवकांना शिकविण्याची जबाबदारी आता केवळ शासकीय प्रशिक्षण केंद्रांची उरलेली नाही. ती महाविद्यालयीन अध्यापकांच्याही दारात आली आहे. या पार्श्वभूमीवर भोपाळ आणि महाराष्ट्र येथील काही महत्त्वाच्या प्रयत्नांचा आढावा घेऊन, चांगले प्रशिक्षण व चांगले सराव-साहित्य कशाला म्हणावे हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भोपाळमधील आरंभ : दाईंचे शिक्षण

प्राथमिक आरोग्यसेवेतील प्रशिक्षणाचा इतिहास स्वातंत्र्यानंतर सुरू होतो असा समज आहे. तो बरोबर नाही. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी स्थापन झाला. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दाईंच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मृती निधी उभा राहिला. या दोन्ही प्रयत्नांचे पडसाद संस्थानांमध्येही उमटले. भोपाळ संस्थानात शाहजहाँ बेगम यांच्या कारकिर्दीत (१८६८-१९०१) स्त्रियांसाठी लेडी लॅन्सडाऊन रुग्णालय सुरू झाले. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या सुलतान जहाँ बेगम (१९०१-१९२६) यांनी परिचारिकांच्या शिक्षणाला आणि दाईंच्या प्रशिक्षणाला या रुग्णालयाशी जोडले. घरगुती आरोग्य, रुग्णशुश्रूषा व बालसंगोपन या विषयांवर त्यांनी स्वतः उर्दूत पुस्तके लिहिली. याच सुलतान जहाँ बेगम १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या.

या प्रयत्नातील दोन गोष्टी अध्यापकांनी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, शिक्षण घेणाऱ्या स्त्रिया ज्या भाषेत बोलत होत्या त्याच भाषेत साहित्य तयार केले गेले. दुसरी, पडद्यातील स्त्रियांपर्यंत पुरुष डॉक्टर पोहोचू शकत नव्हता, म्हणून ज्या स्त्रीला घरात प्रवेश आहे तिलाच शिकविण्याचा मार्ग निवडला गेला. प्राथमिक आरोग्यसेवेचे मूळ तत्त्व हेच आहे : ज्याला दार उघडे आहे त्याच्या हाती विद्या द्यावी.

मात्र दाई प्रशिक्षणाची मर्यादाही पुढील काळात स्पष्ट झाली. स्वच्छ हात, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा यांमुळे नवजात बाळाचा धनुर्वात टाळता येतो. परंतु बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला किंवा झटके आले, तर तिथे केवळ दाईचे कौशल्य पुरत नाही. वाहन, रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय लागते. म्हणूनच विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर दाईंच्या प्रशिक्षणाकडून कुशल परिचारिकेच्या हातून, शक्यतो संस्थेतील, बाळंतपणाकडे धोरण वळले. भारतात २००५ मध्ये सुरू झालेली जननी सुरक्षा योजना याच विचाराची आहे. प्रशिक्षण कितीही चांगले असले तरी त्याच्या पाठीशी पुढची सेवा उभी नसेल तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो, हा या इतिहासाचा धडा होय.

समित्या, योजना आणि त्यांचे भवितव्य

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली आणि १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर ती प्रत्यक्षात येऊ लागली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने एका रोगासाठी एक कर्मचारी ही पद्धत सोडून बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी नेमण्याची शिफारस केली. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने समाजातूनच अर्धवेळ आरोग्य कार्यकर्ते घडवावेत असे सुचविले. त्यानुसार २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशात ग्राम आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू झाली. निवडलेल्या व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन महिन्यांचे प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि दरमहा ५० रुपये मानधन असे तिचे स्वरूप होते. पुढे या कार्यकर्त्यांना 'आरोग्य रक्षक' असे नाव मिळाले. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये अल्मा-आटा येथे भरलेल्या जागतिक परिषदेने 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा केली तेव्हा भारताची ही योजना वर्षभर आधीच सुरू झालेली होती.

तरीही ही योजना टिकली नाही. निवड झालेल्यांत पुरुषांचे प्रमाण मोठे होते, तर गावातील आरोग्याचे निकडीचे प्रश्न माता व बालकांचे होते. प्रशिक्षण एकदाच होते. नंतरची उजळणी नव्हती. औषधांचा पुरवठा खंडित झाला की कार्यकर्त्याकडे सांगण्यासारखे उरत असे, देण्यासारखे नाही. हळूहळू योजना कागदावर राहिली आणि पुढे बंद पडली.

मध्य प्रदेशाने १९९५ मध्ये 'जन स्वास्थ्य रक्षक' ही स्वतंत्र योजना हाती घेतली. गावातील शिकलेल्या तरुणाला सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन गावातच काम करू द्यायचे, असा तिचा हेतू होता. प्रशिक्षणाचा काळ १९७७ च्या योजनेपेक्षा दुप्पट होता. पण येथेही निवड मुख्यतः पुरुषांची झाली. नियमित मानधन नसल्याने उत्पन्नासाठी रुग्णाकडून पैसे घेणे भाग पडले. रुग्ण पैसे देतो ते गोळी व इंजेक्शनसाठी. पाणी उकळून पिण्याच्या सल्ल्यासाठी कोणी पैसे देत नाही. त्यामुळे प्रतिबंधक कामाऐवजी किरकोळ खासगी व्यवसायाकडे ओढ निर्माण झाली. अभ्यासक्रमात काय लिहिले आहे यापेक्षा कार्यकर्त्याचा चरितार्थ कशावर चालणार आहे, यावर त्याचे वर्तन ठरते. अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच बाब निसटते.

जामखेड : आठवड्याची शाळा

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड हा अवर्षणग्रस्त तालुका. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये येथे आले व त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आरंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना गावात ठेवून पाहिले. बाहेरून आलेली तरुण परिचारिका गावात एकटी राहू शकत नव्हती आणि गावातील बायाही तिच्याशी मोकळेपणाने बोलत नव्हत्या. मग गावानेच निवडलेल्या, गावातच राहणाऱ्या स्त्रीला शिकवावे, असा मार्ग निघाला. यातील अनेक जणी निरक्षर होत्या. अनेक जणी दलित व भूमिहीन कुटुंबांतील होत्या.

जामखेडच्या प्रशिक्षणाचे वैशिष्ट्य म्हणजे ते 'पूर्ण' होत नसे. या स्त्रिया दर आठवड्याला केंद्रावर येत, एकत्र राहत, एकत्र जेवत. आधी प्रत्येक जण आपल्या गावात त्या आठवड्यात काय घडले ते सांगे : कोण बाळंत झाली, कोणाला जुलाब लागले, कोणाचा खोकला तीन आठवडे थांबला नाही. त्यातूनच त्या दिवसाचा पाठ निघे. शिकलेली गोष्ट प्रत्येकीने पुन्हा सांगून दाखवायची, मग गावात जाऊन इतर बायांना शिकवायची आणि पुढच्या आठवड्यात तिथे काय अडचण आली ते परत येऊन सांगायचे. वेगवेगळ्या जातींच्या स्त्रियांनी एका पंगतीत बसणे हाही त्या प्रशिक्षणाचाच भाग होता. कारण जी स्त्री काही घरांचा उंबरा ओलांडू शकत नाही, ती संपूर्ण गावाची आरोग्यसेविका होऊ शकत नाही.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये या परिसरात हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. पुढील दोन दशकांत हे प्रमाण अनेक पटींनी खाली आले. हा बदल केवळ आरोग्यसेविकांमुळे झाला असे म्हणता येणार नाही. पाणी, शेतकरी मंडळे, महिला मंडळे आणि पाठीशी उभे असलेले रुग्णालय या सर्वांचा त्यात वाटा होता. परंतु या सर्वांना घरापर्यंत नेणारा दुवा आरोग्यसेविकाच होती.

गडचिरोली : साधन साधे, मापन काटेकोर

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था १९८६ मध्ये सुरू केली. त्यांच्या कामातून सराव-साहित्याविषयीचा एक मोठा धडा मिळतो.

लहान मुलांच्या न्यूमोनियाचे निदान श्वास मोजून करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असेल तर तो जलद श्वास समजला जातो. शहरातील परिचारिकेला हे सोपे वाटेल. पण ज्या दाईला साठपर्यंत मोजता येत नाही आणि घड्याळ वाचता येत नाही, तिने काय करावे? गडचिरोलीत त्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी यांचा 'श्वासमापक' तयार करण्यात आला. ठरावीक श्वास झाले की एक मणी सरकवायचा; वाळू संपण्याच्या आत शेवटचा मणी आला तर श्वास जलद. दाईला अंकगणित शिकविण्याऐवजी अंकगणितच साधनात बसविले गेले. शिकणाऱ्यात काय कमी आहे हे मोजत बसण्याऐवजी साधन तिच्या मापाचे करणे, हे चांगल्या प्रशिक्षण-साहित्याचे पहिले लक्षण आहे.

पुढे नवजात बालकांच्या मृत्यूंकडे लक्ष वळले. ३९ गावांमध्ये प्रत्येकी एक स्थानिक, थोडे शिक्षण झालेली स्त्री 'आरोग्यदूत' म्हणून निवडण्यात आली. बाळंतपणाच्या वेळी दाईसोबत हजर राहणे, बाळाचे वजन व तापमान घेणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला साधनाच्या साहाय्याने श्वास देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि पालकांच्या संमतीने प्रतिजैविक औषध व इंजेक्शन देणे ही कौशल्ये टप्प्याटप्प्याने शिकविली गेली. डॉक्टर ठरावीक काळाने गावात जाऊन तिच्या नोंदी व काम तपासत. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षाअखेर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर 'अंकुर' प्रकल्पातून महाराष्ट्रातील सात ठिकाणी, ज्यांत ग्रामीण, आदिवासी व शहरी झोपडवस्तीचाही समावेश होता, हीच पद्धत स्वयंसेवी संस्थांमार्फत राबविण्यात आली.

येथे इंजेक्शन हा शब्द पाहून जन स्वास्थ्य रक्षकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोहोंत फरक काय? गडचिरोलीत इंजेक्शन केव्हा द्यायचे याचे निकष ठरलेले होते, प्रत्येक वापराची नोंद होती, ती नोंद तपासणारा होता आणि कार्यकर्तीचे मानधन इंजेक्शनच्या संख्येवर अवलंबून नव्हते. कौशल्य धोकादायक नसते. देखरेखीवाचूनचे कौशल्य धोकादायक असते.

मितानिन ते आशा

छत्तीसगड राज्याने २००२ मध्ये 'मितानिन' कार्यक्रम सुरू केला. पाड्यापाड्याने स्त्री निवडणे, कलापथकांमार्फत आधी लोकांशी बोलणे आणि प्रशिक्षण अनेक फेऱ्यांत विभागणे ही त्याची वैशिष्ट्ये होती. या सर्व अनुभवांच्या आधारे १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' ही संकल्पना आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक स्थानिक स्त्री, पहिल्या वर्षी पाच टप्प्यांत २३ दिवसांचे प्रशिक्षण, अशी मूळ रचना होती. पुढे सहावे व सातवे प्रशिक्षण पुस्तक आले. त्यात माहितीपेक्षा हाताच्या कौशल्यावर भर होता आणि त्यासाठी पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या ठरविण्यात आल्या.

२०११ मध्ये घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. त्यात गडचिरोलीचा ठसा स्पष्ट दिसतो. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवसाची धरून सात. वजनकाटा, तापमापी, घड्याळ, बाळाला गुंडाळण्याचे उबदार कापड, वाटी-चमचा असे साहित्य तिच्या पिशवीत असावे अशी अपेक्षा आहे. २०१८ मध्ये त्याला ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यांच्या भेटींची जोड मिळाली. त्याच वर्षी आरोग्यवर्धिनी केंद्रे सुरू झाली आणि परिचारिका किंवा आयुर्वेद पदवीधरांना सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम देऊन उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यात येऊ लागले.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. मात्र त्यानंतरच्या वर्षीच महाराष्ट्रातील आशा व गटप्रवर्तक यांना मानधनासाठी संप करावा लागला. २०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने आशांच्या मानधनात दरमहा ५ हजार रुपयांची वाढ मंजूर केली. गौरव आणि मानधन यांतील हे अंतर प्रशिक्षणाच्या चर्चेबाहेरचे नाही. चार दिवस रोजगार बुडवून शिबिराला येणाऱ्या स्त्रीचे लक्ष वर्गात किती राहील, याचा विचार प्रशिक्षकाला करावाच लागतो.

एक पाठ, दोन उदाहरणे

चांगला व वाईट पाठ यांतील फरक दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण जलसंजीवनीचे. 'जुलाब झालेल्या बाळाला ओआरएस पाजावे' हे वाक्य फळ्यावर लिहून पाठ करून घेता येते. परंतु प्रत्यक्षात चूक होते ती पाण्याच्या मापात. एक लिटरसाठी असलेले पाकीट एका पेल्यात ओतले तर द्रावण अतिखारट होऊन बाळाला अपाय होऊ शकतो. म्हणून पाठाची सुरुवात पाकिटावरील सूचना वाचण्यापासून व्हावी. विद्यार्थिनींनी आपापल्या घरातील तांब्या, लोटा, बाटली आणावी. त्यांत लिटरभर पाणी कुठपर्यंत येते ते मोजून खूण करावी. द्रावण तयार करून स्वतः चाखावे, ते अश्रूंपेक्षा खारट नसावे. सोबत झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते : दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढील बालकाला २० मिलिग्रॅम. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की आई गोळी बंद करते. तेव्हा आईला १४ दिवसांचे कारण कसे समजावायचे, याचाही संवाद वर्गात करून पाहावा.

दुसरे उदाहरण श्वास मोजण्याचे. येथे नेहमी होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत : रडणाऱ्या किंवा दूध पिणाऱ्या बाळाचा श्वास मोजणे, अंगावरचे कपडे न काढणे, छाती वर गेली एक व खाली आली दोन असे मोजणे, पाव मिनिट मोजून चौपट करणे. नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो, त्यामुळे संपूर्ण एक मिनिट मोजणे आवश्यक आहे, आणि आकडा ६० किंवा अधिक आला तर पुन्हा मोजणे. प्रशिक्षक व विद्यार्थिनी यांनी एकाच वेळी एकाच बाळाचा श्वास मोजून आपापले आकडे कागदावर लिहावेत व मग ताडून पाहावेत. दोघांच्या आकड्यांत थोडाच फरक येईपर्यंत हा सराव चालू ठेवावा. प्रत्यक्ष बाळ उपलब्ध नसेल तर ध्वनिचित्रफितीवर सराव करता येतो. पण तो पर्याय आहे, बदली नव्हे. लहान मुलांच्या आजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात, जे भारतात २००३ पासून दिले जाऊ लागले, वर्गाइतकाच वेळ रुग्णकक्ष व गृहभेटींना दिला जातो तो याचसाठी.

याखेरीज संवादाचे कौशल्य आहे. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची 'डंबा' ही प्रथा प्रसिद्ध आहे. त्या आईला अडाणी म्हणून हिणवले तर पुढच्या आजारात ती आरोग्यसेविकेला बोलावणारच नाही. बाळ वाचावे म्हणूनच तिने चटके दिलेले असतात, हे ओळखून बोलणे शिकवावे लागते. असे संवाद नाट्यरूपाने करून घेणे हेही सराव-साहित्यच आहे.

नागरी वस्तीचा वेगळा प्रश्न

वरील बहुतेक अनुभव खेड्यांतील आहेत. भोपाळमधील नेहरू नगरसारख्या नागरी भागाचा विचार केला तर चित्र बदलते. २०१३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानानुसार शहरातील एका आशाकडे साधारण १००० ते २५०० लोकवस्ती असते व ५० ते १०० कुटुंबांमागे एक महिला आरोग्य समिती असते. परंतु शहरात 'गाव' नसते. भाडेकरू बदलतात, दिवसा घरे बंद असतात, बंगल्यांची रांग आणि झोपडवस्ती एकमेकींना लागून असतात. रुग्णालय जवळ असते, पण कोणत्या दारातून आत जायचे, कोणते कागद न्यायचे, हे माहीत नसते. त्यामुळे नागरी आशाच्या प्रशिक्षणात दोन गोष्टींची भर हवी : आपल्या वस्तीचा नकाशा स्वतः काढून दर तीन महिन्यांनी सुधारणे आणि रुग्णाला योग्य ठिकाणी पोहोचविण्याची माहिती. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या दीर्घ आजारांचा पाठपुरावा हे शहरात अधिक मोठे काम आहे.

भोपाळला आणखी एक संदर्भ आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीच्या वायुदुर्घटनेनंतर दीर्घकाळ आजारी राहिलेल्या लोकांसाठी १९९६ मध्ये 'संभावना' हे चिकित्सालय सुरू झाले. वस्त्यांमध्ये फिरणारे आरोग्य कार्यकर्ते हा त्याच्या कामाचा भाग राहिला. जिथे आजार वर्षानुवर्षे चालतो, तिथे एकदा औषध देऊन काम संपत नाही. पुन्हा पुन्हा दार ठोठावणारी व्यक्ती लागते, हे त्या अनुभवातून दिसते.

अध्यापकांसाठी काही सूचना

वरील विवेचनावरून कम्युनिटी कॉलेजमध्ये आरोग्यविषयक अभ्यासक्रम शिकविणाऱ्या अध्यापकांसाठी पुढील मुद्दे निघतात.

१) अभ्यासक्रमाची मांडणी विषयांनुसार न करता कामांनुसार करावी. 'श्वसनसंस्था' हा विषय झाला; 'खोकणाऱ्या बाळाची तपासणी' हे काम झाले.

२) सलग दीर्घ शिबिरापेक्षा थोडे शिकणे, काम करणे आणि परत येऊन सांगणे हा क्रम ठेवावा. जामखेडची आठवड्याची शाळा महाविद्यालयाच्या वेळापत्रकातही बसू शकते.

३) साहित्य विद्यार्थिनींच्या बोलीत असावे. मराठीत डॉ. श्याम अष्टेकर यांचे 'भारतवैद्यक' आणि आशांची प्रशिक्षण पुस्तके उपलब्ध आहेत. डेव्हिड वर्नर यांच्या पुस्तकांतून चित्रांच्या आधारे शिकविण्याची पद्धत समजते. मात्र औषधांच्या मात्रा व उपचारांचे निकष काळानुसार बदलतात. जुन्या पुस्तकातील मात्रा सध्याच्या शासकीय मार्गदर्शिकेशी ताडल्याशिवाय शिकवू नयेत.

४) जवळच्या प्राथमिक किंवा नागरी आरोग्य केंद्राशी लेखी करार करून प्रत्यक्ष सरावाचे दिवस निश्चित करावेत. असा करार नसेल तर अभ्यासक्रम सुरू करण्याची घाई करू नये.

५) मूल्यमापनात लेखी परीक्षेबरोबर कृतीची तपासणी-सूची वापरावी आणि तीच तपासणी तीन-चार महिन्यांनी पुन्हा घ्यावी.

६) विद्यार्थिनीने काय करू नये आणि रुग्णाला केव्हा पुढे पाठवावे, हे प्रत्येक पाठाच्या शेवटी स्पष्ट सांगावे. आपल्या मर्यादेची जाणीव हेही कौशल्य आहे.

७) उत्तीर्ण विद्यार्थिनीला काम कुठे, कोणत्या देखरेखीखाली व किती वेतनावर मिळेल, याची चौकशी प्रवेश देण्यापूर्वीच करावी.

समारोप

शंभर वर्षांपूर्वी भोपाळच्या दाईंना रुग्णालयाशी जोडण्यापासून आजच्या आशांपर्यंतचा हा प्रवास पाहिला तर असे दिसते की, प्रयत्न फसले तेव्हा दोष बहुधा शिकणाऱ्या स्त्रीच्या कमी शिक्षणाचा नव्हता. शिकविणे एकदाच झाले, साधन हातात राहिले नाही, पाठीशी कोणी उभे राहिले नाही किंवा मोबदला मिळाला नाही, ही कारणे होती. जेथे या चार बाबी सांभाळल्या गेल्या तेथे निरक्षर स्त्रीनेही मृत्यूचे प्रमाण खाली आणून दाखविले. कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात बसणारी विद्यार्थिनी त्या स्त्रियांपेक्षा अधिक शिकलेली आहे. तिला प्रमाणपत्राबरोबर कौशल्यही मिळते की नाही, हे तिच्या अध्यापकांच्या नियोजनावर अवलंबून आहे. त्याची खरी परीक्षा वर्गात होणार नाही. एखाद्या रात्री, एखाद्या घरात, जोराने श्वास घेणाऱ्या बाळासमोर होईल.